महाविद्यालय विकास समिती खरोखर चालवायची तर : एका नव्या प्राचार्यांना उत्तर

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात मी सहा महिन्यांपूर्वी प्रभारी प्राचार्य झाले. संस्थेचे सचिव परस्पर कार्यालयाला फोन करून कामे सांगतात, मला नंतर कळते. प्राध्यापक म्हणतात, आम्हाला कोणी विचारत नाही. महाविद्यालय विकास समिती कागदावर आहे, सभा क्वचितच होतात. नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, पुढची फेरी जवळ आली आहे. मी कणखर व्हावे की सगळ्यांना सांभाळून घ्यावे? प्राचार्य म्हणून माझे अधिकार नेमके किती आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर :

मॅडम, विकास समिती कागदावर आहे हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण माझ्या मते मुख्य गोष्ट तीच. सचिवांचे परस्पर फोन, प्राध्यापकांची नाराजी आणि नॅकची धास्ती या तिन्हींचे मूळ एक आहे : तुमच्या महाविद्यालयात निर्णय कुठे होतो हे कोणालाच नक्की ठाऊक नाही. कधी तो सचिवांच्या घरी होतो, कधी स्टाफरूममध्ये, कधी मुख्य लिपिकाच्या टेबलावर. निर्णयाची जागा ठरलेली नसली की ज्याचे वजन जास्त त्याच्या मनाप्रमाणे होते, आणि प्रभारी प्राचार्यांचे वजन तिथे सगळ्यात कमी पडते. म्हणून कणखर की समजूतदार या प्रश्नात अडकू नका. आधी निर्णयाची जागा ठरवा. कायद्याने ती ठरवून दिलेलीच आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या १९९४ च्या कायद्यात स्थानिक व्यवस्थापन समिती होती. जुने सहकारी अजूनही सवयीने एलएमसीच म्हणतात. नव्या कायद्याच्या कलम ९७ ने तिच्या जागी महाविद्यालय विकास समिती आणली आणि तिची रचना व कामे बरीच वाढवली. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी हे समितीचे अध्यक्ष. संस्थेचे सचिव किंवा त्यांचे प्रतिनिधी सदस्य. प्राचार्यांनी नेमलेला एक विभागप्रमुख. पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन शिक्षक, त्यांत किमान एक महिला. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेला एक कर्मचारी. शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य, ज्यांना व्यवस्थापन प्राचार्यांशी विचारविनिमय करून नेमते आणि ज्यांत किमान एक माजी विद्यार्थी असतो. आयक्यूएसीचे, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, समन्वयक. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव. शेवटी प्राचार्य, सदस्य सचिव म्हणून. असे हे पंधरा जण. वर्षातून किमान चार सभा घेणे बंधनकारक आहे.

यादीत आपले नाव शेवटी आहे म्हणून ते पद दुय्यम समजू नका. सभेची सूचना काढणे, कार्यसूची लिहिणे, प्रत्येक विषयाला टिपणी जोडणे, इतिवृत्त तयार करणे आणि ठरावांचा पाठपुरावा करणे ही कामे सदस्य सचिवाकडे येतात. वर्षभर महाविद्यालय कशाबद्दल बोलणार हे कार्यसूची लिहिणाऱ्याच्या हातात असते. तुम्ही विचारलेल्या अधिकारांपैकी सगळ्यात मोठा अधिकार हाच आहे, आणि तो वापरायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता हा अधिकार कुठे संपतो तेही स्पष्ट सांगतो, कारण अर्धवट माहितीवर भांडण उकरून काढलेले प्राचार्य मी पाहिले आहेत. समिती वार्षिक अंदाजपत्रक तयार करते आणि मंजुरीसाठी व्यवस्थापनाकडे शिफारस करते. म्हणजे अंतिम मंजुरी संस्थेची. नवे अभ्यासक्रम, नवी पदे, विद्यार्थी आणि कर्मचारी कल्याणाच्या योजना यांबाबतही समिती शिफारस करते. शैक्षणिक वेळापत्रक ठरवणे, महाविद्यालयाचा सर्वंकष विकास आराखडा करणे, आयक्यूएसीच्या अहवालांवर चर्चा करणे, तपासणी आणि लेखापरीक्षणाचे अहवाल विचारात घेणे, ३० जूनला संपणाऱ्या वर्षाचा कार्य अहवाल तयार करून संस्थेला व विद्यापीठाला पाठवणे ही कामे समितीची स्वतःची आहेत. आमची समिती फक्त शिफारस करते, तिला विचारतो कोण, असे काही प्राध्यापक तुम्हाला सांगतील. त्यांना सांगा की पंधरा जणांनी आकड्यांसह लिहून दिलेली शिफारस नाकारायची तर संस्थेलाही कारण लिहावे लागते. तोंडी मागणी नाकारायला कारण लागत नाही.

इतिवृत्ताबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक महाविद्यालयांत सगळे इथेच बिघडते. 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात आली' या वाक्याने काहीच कळत नाही. काय मंजूर झाले, किती रुपयांपर्यंत, कोण करणार, कधीपर्यंत, हे चार तपशील ठरावात आले पाहिजेत. कोणी विरोध केला असेल तर तोही नावासह नोंदवा. विरोध नोंदवला गेला की माणूस बाहेर जाऊन वेगळे बोलत नाही, हा माझा अनुभव आहे. सभा झाल्यापासून तीन-चार दिवसांत मसुदा अध्यक्षांकडे पाठवा, लांबवू नका. सही झाली की प्रत सगळ्या सदस्यांना द्या आणि शिक्षकांच्या फलकावरही लावा. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त कायम करणे हा विषय दोन मिनिटांत उरकतात तसा उरकू नका. त्याच्याबरोबर कार्यवाही अहवाल ठेवा : ठराव क्रमांक, जबाबदारी कोणाची, झाले की नाही, नसेल तर का. पहिल्या सभेत हा अहवाल बघून लोक अस्वस्थ होतात. तिसऱ्या सभेपर्यंत ते सभेच्या आधी कामे उरकू लागतात.

अनुदानित महाविद्यालय माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कक्षेत येते. तुमचे इतिवृत्त उद्या कोणीही मागू शकतो आणि तीस दिवसांत ते द्यावे लागते. काहींना याची भीती वाटते म्हणून ते मोघम लिहितात. मी उलट सांगेन. जे महाविद्यालय नीट लिहिते त्याला माहिती अर्जांचा त्रास कमी होतो, कारण अर्जाला उत्तर म्हणून एक पान पुरते.

पैशाचा विषय आता घेतो. तो टाळला तर बाकी सगळे शोभेचे ठरते. अनुदानित पदांचे वेतन शासनाकडून येते, तिथे समितीला ठरवण्यासारखे फार नसते. पण ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, परीक्षा या शीर्षांखाली विद्यार्थ्यांकडून आलेली रक्कम आणि बीसीए, बीसीएससारख्या विनाअनुदानित अभ्यासक्रमांचे शुल्क हे महाविद्यालयाचे खेळते पैसे. बऱ्याच ठिकाणी विनाअनुदानित विभागाचे खाते संस्थेच्या कार्यालयातून चालते आणि प्राचार्यांना त्यातली शिल्लकही ठाऊक नसते. तिथे हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे असा अर्थ लावला जातो. म्हणून हिशेब मागू नका, अंदाजपत्रक मांडा. मागच्या तीन वर्षांची प्रत्यक्ष जमा आणि खर्च, चालू वर्षाचा अंदाज, पुढच्या वर्षाची मागणी, असे स्तंभ करा आणि विनाअनुदानित विभागाला त्यात वेगळे पान द्या. तुमच्याकडे आकडे नसतील तर तो स्तंभ रिकामा ठेवून सभेपुढे ठेवा. कायद्याने अंदाजपत्रक समितीने करायचे आहे, त्यामुळे रिकामा स्तंभ भरण्याची विनंती समितीची होते, तुमची एकटीची राहत नाही. अध्यक्ष संस्थेचेच असल्यामुळे ते आकडे मागवतील. पहिल्या वर्षी अर्धे येतील. दुसऱ्या वर्षी बहुतेक येतात.

या पानात एक ओळ आग्रहाने घाला : संस्थेने स्वतःच्या निधीतून नेमलेल्या आणि तासिका तत्त्वावरच्या (तासामागे मानधन घेणाऱ्या) शिक्षकांचे मानधन, आणि ते कोणत्या तारखेला दिले. आपल्याकडे वर्गात उभे राहणाऱ्यांत ही मंडळी मोठ्या संख्येने आहेत. सेट-नेट, पीएच.डी. करून चार-चार महिने मानधनाची वाट पाहणारा तरुण पहिल्या वर्षाच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो, आणि त्याच्याकडून आपण संशोधन, एनएसएस, नॅकच्या फायली सगळे अपेक्षितो. शासनाकडून येणारे तासिका मानधन उशिरा येत असेल तर ते तुमच्या हातात नाही. पण देयके दर महिन्याच्या ठरावीक तारखेला उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे रवाना झाली की नाही, हे पूर्ण तुमच्या हातात आहे. जावक क्रमांकासह ती तारीख समितीपुढे ठेवा. या लोकांना समितीवर मतदानाने येण्याची वाट नाही, म्हणून त्यांच्यातल्या एकाला निमंत्रित म्हणून बोलवा.

खरेदीबद्दल एवढेच : खरेदी समिती असावी, दरपत्रके नियमाप्रमाणे मागवावीत, डेड स्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीची पडताळणी वर्षातून एकदा व्हावी. यात नवे काही नाही, फक्त केले पाहिजे.

सचिवांच्या फोनचे काय करायचे? पहिली गोष्ट, त्यांना विरोधक मानू नका. आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षणसंस्था लोकांच्या वर्गणीतून, व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून, बार्शीत कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांच्यासारख्या माणसांच्या आयुष्यभराच्या कष्टांतून उभ्या राहिल्या. सोलापुरात दयानंद महाविद्यालय १९४० सालचे, संगमेश्वर १९५३ सालचे. या पिढ्यांनी केलेले काम मोठे आहे आणि आजचे संस्थाचालक स्वतःला त्याचे वारसदार समजतात, त्यात गैर काही नाही. सचिव कार्यालयाला फोन करतात याचे कारण बहुधा सत्ता गाजवणे हे नसते. त्यांना माहिती हवी असते आणि ती प्राचार्यांकडून वेळेवर येत नाही. तेव्हा माहिती तुम्ही आधी द्या. आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवून घ्या, शक्यतो संस्थेच्या कार्यालयात, आणि हातात एक पान घेऊन जा : प्रवेश किती, वेतन देयके कुठे अडकली, विद्यापीठाचे कोणते पत्र आले, पुढच्या आठवड्यात काय आहे. दोन महिने हा क्रम चुकवू नका. फोन कमी होतील.

दुसरी गोष्ट कार्यालयाच्या बाजूने करा. एक साधा कार्यालयीन आदेश काढा की तोंडी आलेली कोणतीही सूचना, मग ती कोणाचीही असो, संबंधित लिपिकाने त्याच दिवशी दोन ओळींची टिपणी करून प्राचार्यांपुढे ठेवावी आणि शेरा झाल्यावरच कार्यवाही करावी. आदेशात सचिवांचे नाव किंवा पद घालू नका. मुख्य लिपिकाला बोलावून समजावून सांगा की हा कागद त्याच्या संरक्षणासाठी आहे, आणि ते खरेही आहे. लेखापरीक्षणात आक्षेप निघतो तेव्हा फोनवर कोण काय बोलले हे कोणी विचारत नाही, सही कोणाची आहे ते बघतात.

काही सूचना मात्र कोणत्याही मार्गाने आल्या तरी नाहीच म्हणाव्या लागतात. प्रवेशाची गुणवत्ता यादी बदलणे, हजेरीपट मागाहून भरणे, निवडणुकीच्या दिवसांत कर्मचाऱ्यांना आणि मुलांना प्रचाराच्या कामाला पाठवणे. तिथे आवाज चढवू नका, कारणही लांबवू नका. 'हे माझ्या सहीने होणार नाही' एवढे बोला आणि त्याच दिवशी डायरीत नोंद करा. प्रभारी असलात तरी सही तुमची आहे. उद्या चौकशी झाली तर प्रभारीपण उपयोगी पडत नाही.

प्रभारीपणाबद्दल दोन गोष्टी. तुमच्या नेमणुकीचा आदेश, विद्यापीठाची मान्यता आणि तिची मुदत, बँकेतील सह्यांचे अधिकार, आहरण व संवितरणाचे (शासनाची रक्कम काढून वाटण्याचे) अधिकार ही सर्व कागदपत्रे एका फायलीत आहेत का ते आजच पाहा. आणि कार्यभार घेताना रीतसर यादी झाली नसेल तर सहा महिन्यांनंतरही ती करा : रोखवही आणि बँक शिल्लक, न्यायालयीन प्रकरणे, प्रलंबित माहिती अर्ज, शिष्यवृत्तीची अखर्चित रक्कम, जागेची कागदपत्रे, सेवापुस्तके. सेवापुस्तके स्वतः उघडून बघा. वेतननिश्चितीची पडताळणी, रजेच्या नोंदी, नामनिर्देशन अपुरे राहिले की त्याची किंमत माणूस निवृत्त झाल्यावर मोजतो, निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव महिनोन्‌महिने फिरत राहतो. पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची सेवापुस्तके तुम्ही या सत्रात पूर्ण करून घेतलीत, तर तुमच्याबद्दल स्टाफमध्ये जो विश्वास तयार होईल तो कोणत्याही भाषणाने होणार नाही.

दरम्यान पूर्णवेळ प्राचार्यपदाची भरती हा विषयही समितीपुढे ठेवा, तुम्ही स्वतः उमेदवार असलात तरी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे प्राचार्यपदाचा कालावधी पाच वर्षांचा असतो आणि बाह्य मूल्यमापनानंतर आणखी एक पाच वर्षांची मुदत मिळू शकते. पाच वर्षांचा विचार करणारा प्राचार्य आणि पुढच्या मान्यतापत्राची वाट पाहणारा प्राचार्य यांच्या कामात फरक पडतोच. वर्षानुवर्षे प्रभारींवर महाविद्यालये चालवणे हे आपल्या राज्यातल्या उच्च शिक्षणाचे मोठे नुकसान आहे असे मी मानतो.

'आम्हाला कोणी विचारत नाही' ही प्राध्यापकांची तक्रार आजकाल एका ठिकाणी खरी ठरते : नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाची अंमलबजावणी. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) या रचनेत कोणता मायनर कोणाला द्यायचा यावर छोट्या विभागांचा कार्यभार, म्हणजे शिकवण्याचे तास, टिकतो किंवा जातो. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगी आणि प्राध्यापकाला १४, हा हिशेब सगळ्यांच्या डोक्यात असतो. हिंदी, कन्नड, भूगोल, तत्त्वज्ञान अशा विभागांत एक-दोन माणसे असतात आणि त्यांना उद्याची काळजी वाटते. ही विषयांची टोपली उपप्राचार्य आणि वेळापत्रक समितीच्या दोघांनी बंद खोलीत ठरवली, की वर्षभर भांडणे चालतात. म्हणून एप्रिलमध्येच सर्व विभागप्रमुखांची बैठक घ्या, प्रत्येक विषयाची मागच्या वर्षाची विद्यार्थिसंख्या आणि कार्यभार फळ्यावर लिहा आणि सर्वांसमोर वाटप करा. मग ते विकास समितीपुढे ठेवा. सगळे खूश होणार नाहीत. पण वाटप कसे झाले हे प्रत्येकाला माहीत असेल. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागातले महाविद्यालय कन्नड विभाग टिकवण्याचा आग्रह धरत असेल तर तो मला योग्यच वाटतो. आपल्या जिल्ह्यात घरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुले एका बाकावर बसतात आणि विषयांची निवड करताना तो विचार झाला पाहिजे.

ओजेटी हा शब्द आला तिथे चार स्थानिक सदस्यांचा मुद्दा घेतो. या जागा सहसा संस्थेच्या जवळच्या, सन्माननीय पण सभेला न येणाऱ्या मंडळींनी भरतात. व्यवस्थापनाने प्राचार्यांशी विचारविनिमय करून नेमणूक करायची आहे, म्हणजे नावे सुचवणे तुमचे काम आहे. उद्योगातून चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल-चादरीचा नाहीतर गणवेश शिवणारा कारखानदार घ्या, मुलांना प्रत्यक्ष कामाची जागा तिथून मिळेल. संशोधनातून केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञाला विनंती करा. सांगोला, पंढरपूर, माळशिरसकडच्या विज्ञान महाविद्यालयाला याहून जवळचा मार्गदर्शक नाही. मंगळवेढ्याची ज्वारी, सोलापूरची चादर, डाळिंब या तिन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तुमचा वाणिज्य विभाग त्यांच्या बाजारपेठेवर प्रकल्प करू शकतो, फक्त त्या व्यवसायातला माणूस समितीत बसलेला हवा. समाजसेवेतून विडी कामगारांमध्ये किंवा ऊसतोड कुटुंबांमध्ये काम करणारी एखादी कार्यकर्ती. माजी विद्यार्थी शक्यतो चाळिशीच्या आतला निवडा, ज्याला आजच्या नोकरीच्या बाजाराची झळ लागलेली आहे.

विद्यार्थ्यांकडे मी जाणूनबुजून उशिरा आलो, कारण समिती त्यांच्यासाठी आहे हे बोलायला सोपे आणि कार्यसूचीत आणायला अवघड असते. माझी सूचना अशी की प्रत्येक सभेत तीन आकडे वर्गवार ठेवावेत, मुलगे आणि मुली वेगळे : प्रथम वर्षाला प्रवेश किती, दुसऱ्या सत्राचा परीक्षा अर्ज किती जणांनी भरला, द्वितीय वर्षाला किती आले. निकालाची टक्केवारी सगळे सांगतात, पण ती परीक्षेला बसलेल्यांची असते. प्रवेश घेऊन परीक्षेपर्यंत न पोचलेली मुले तिच्यात दिसतच नाहीत. ही गळती शोधली की कारणे समोर येतात, आणि ती जिल्ह्यागणिक, गावागणिक वेगळी असतात. सोलापूर शहराच्या पूर्व भागातला मुलगा यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी साडेसातच्या तासाला बसतो. कुंभारीच्या वसाहतीतून येणारी मुलगी आईबरोबर विड्या वळून मग बस पकडते. माढा, करमाळ्याकडे कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मुले कामाला जातात. मुलींच्या बाबतीत प्रथम वर्षाची परीक्षा झाली की उन्हाळ्यात लग्न ठरते आणि जूनमध्ये नाव गळते. एसटीची वेळ आणि शेवटचा तास यांचा मेळ नसणे हे कारण तर इतके साधे आहे की कोणी लिहून ठेवत नाही. आगार व्यवस्थापकांना समितीच्या ठरावाची प्रत देऊन भेटा. प्राचार्य एकट्याने केलेल्या विनंतीपेक्षा ठरावाला वजन येते.

महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये पडून राहणे हा याच गटातला विषय. विद्यार्थ्याला वाटते शासनाने पैसे दिले नाहीत, आणि अर्ज आपल्याच लिपिकाच्या पडताळणीअभावी थांबलेला असतो. प्रलंबित अर्जांची संख्या दर पंधरा दिवसांनी फलकावर लावा. शिष्यवृत्ती अडकली म्हणून परीक्षा अर्ज अडवायचा नाही, असा ठराव समितीकडून स्पष्ट शब्दांत करून घ्या. मग शुल्काच्या खिडकीवर उभ्या मुलीला वाद घालावा लागणार नाही.

शैक्षणिक वेळापत्रक समितीने ठरवायचे आहे हे आपल्या जिल्ह्यात फार उपयोगाचे आहे. विद्यापीठाच्या चौकटीत राहूनही अंतर्गत चाचण्या, पालक सभा, क्रीडा स्पर्धा कधी घ्यायच्या हे तुमच्याकडे असते. आषाढीच्या आधी पालख्या नातेपुते, माळशिरस, वेळापूर, अकलूज, बोरगाव मार्गे पंढरीकडे जातात तेव्हा त्या पट्ट्यात आठवडाभर वाहतूक वेगळीच असते, आणि नेमके प्रवेशाचे दिवस असतात. कार्तिकी एकादशी सत्र परीक्षेच्या आसपास येते. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, शहरातली हजेरी त्या दिवसांत घसरते. हे सगळे दरवर्षी होते आणि दरवर्षी आपण चाचणी पुढे ढकलल्याची सूचना काढतो. मे महिन्यातच पंचांग समोर ठेवून तारखा ठरवल्या तर हे टळते.

विद्यार्थी परिषद अस्तित्वात नसेल तर त्या दोन जागा रिकाम्या ठेवून पुढे जाऊ नका. एनएसएस, एनसीसी, वर्गप्रतिनिधी यांच्यातून दोन मुलांना, त्यांत एक मुलगी, निमंत्रित म्हणून बसवा. सभेच्या आधी त्यांना कार्यसूची समजावून सांगायला एखाद्या शिक्षकाला नेमा, नाहीतर ती संकोचून गप्प बसतात. तक्रार निवारण समिती आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती या वेगळ्या, स्वतंत्र समित्या आहेत. त्यांची प्रकरणे विकास समितीत चर्चेला आणायची नाहीत. त्या नियमित बसतात की नाही एवढेच विचारायचे.

नॅकबद्दल तुम्हाला सर्वात जास्त काळजी आहे आणि मी सर्वात कमी लिहितो आहे. आतापर्यंतच्या पद्धतीत सात निकषांपैकी सहावा निकष प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन हा आहे, १००० पैकी १०० गुणांचा. त्यात विकेंद्रीकरण आणि सहभाग दाखवावा लागतो. मूल्यमापनाची पद्धत बदलते आहे, पुढेही बदलेल. पण पद्धत कोणतीही असो, तारखेनिशी इतिवृत्ते, कार्यवाही अहवाल आणि मंजूर अंदाजपत्रक हे मागितले जाणारच. वरचे काम दोन वर्षे केलेत तर या निकषासाठी वेगळी फाइल रंगवावी लागणार नाही. मूल्यमापन समिती येण्याआधीच्या रात्री एकाच शाईने लिहिलेली पाच वर्षांची इतिवृत्ते अनुभवी माणसाला लगेच ओळखू येतात, आणि तसे करायला लावून आपण तरुण शिक्षकांना खोटेपणा शिकवतो. ते कृपा करून करू नका.

विद्यापीठाशी संबंध ठेवण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण एक वाक्य लिहितो. २००४ पर्यंत आपली महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, साध्या कामालाही कोल्हापूर गाठावे लागे. आता एका जिल्ह्याचे विद्यापीठ केगावला आहे, अभ्यास मंडळांपासून अधिसभेपर्यंत तुमचेच सहकारी बसतात. नवा अभ्यासक्रम हवा असेल तर विद्यापीठाचा बृहत आराखडा (कुठे कोणती महाविद्यालये आणि अभ्यासक्रम हवेत याची योजना) आधी वाचा, त्यात बसत नसेल तर प्रस्तावावर वर्ष घालवू नका. आराखडा नव्याने होत असताना तुमच्या तालुक्याची गरज समितीच्या ठरावासह पाठवा.

आता सुरुवात. येत्या महिनाभरात पहिली सभा लावा. त्याआधी सचिवांना भेटून कार्यसूची दाखवा, कोणता विषय त्यांना घालायचा आहे ते विचारा आणि घाला. पहिल्या सभेत पाचच विषय असू द्या : समितीची रचना पूर्ण करणे आणि रिक्त जागा, वर्षातल्या चारही सभांच्या तारखा, मागच्या लेखापरीक्षणातले आक्षेप आणि त्यांची पूर्तता, प्रथम वर्षाच्या प्रवेश-परीक्षा अर्जांचे आकडे, आणि एक असे काम जे तीन महिन्यांत पूर्ण होऊन सर्वांना दिसेल. ते काम मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीचे किंवा पाण्याच्या सोयीचे घ्या. खर्च थोडा असतो, विरोध कोणी करत नाही. पुढच्या सभेच्या कार्यवाही अहवालात पहिल्या ओळीपुढे 'पूर्ण' असे लिहिता येईल.

सभेला दोन तास ठेवा, चहा सुरुवातीलाच द्या, आणि ठराव तिथल्या तिथे वाचून दाखवा.